जळगाव-धुळ्याकडच्या वाचकाने साहित्य आणि राजकारणावर बोलणाऱ्या परदेशी लेखकांत कोणापासून सुरुवात करावी?

माझं मत विचाराल तर केनियाचे न्गुगी वा थिओंगो. 1962 साली युगांडातल्या कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठात इंग्रजीत लिहिणाऱ्या आफ्रिकी लेखकांची परिषद भरली. न्गुगी तेव्हा तिथे विद्यार्थी होते. नायजेरियाचे कादंबरीकार चिनुआ अचेबेही हजर होते. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. अचेबे म्हणत, इंग्रजी आपल्या सोयीने वाकवून वापरू. न्गुगींनी मात्र इंग्रजीत नाव झाल्यावर गिकुयू ही मातृभाषा धरली. 1977 मध्ये त्यांचं गिकुयू नाटक गावातल्या शेतकरी-कामगारांनीच उभं केलं. सरकारने ते बंद पाडलं आणि न्गुगींना खटल्याविना तुरुंगात टाकलं. तिथे शौचालयाच्या कागदावर त्यांनी गिकुयूत कादंबरी लिहिली!

यावल तालुक्यातल्या सांगवीचे कादंबरीकार भालचंद्र नेमाडे इंग्रजीचे प्राध्यापक, तरी देशीवाद, म्हणजे साहित्य आपल्याच मातीत आणि भाषेत रुजलेलं असावं हा विचार, त्यांनीच मांडला. त्यामुळे हा वाद आपल्याला परका वाटत नाही. अहिराणीत लिहू पाहणाऱ्यांनी तर न्गुगी वाचावेतच. पण अचेबेंना सोडू नका, त्यांची बाजूही लेचीपेची नाही. दोघांच्याही मुलाखती आधी वाचा, कादंबऱ्या नंतर.