विचारा, सांगतो : पडली तरी रडत नाही

प्रश्न : महिन्यापूर्वी आम्ही १४ महिन्यांची मुलगी दत्तक घेतली. जन्मापासून शिशुगृहात होती. पडली तरी रडत नाही, कुणीही हात पुढे केले की जाते, रात्री अंथरुणात बसून डुलत राहते. सासूबाई म्हणतात, गुणी पोर आहे. मला धास्ती वाटते. येत्या रविवारी बारसं आहे, दीडशे पानं. — सुदामानगर, इंदूर

उत्तर : आधी बारसं पुढे ढकला, तीन महिने तरी. आचाऱ्याचा अॅडव्हान्स गेला तर जाऊ दे.

रडणं ही बाळाची हाक. हाकेला ओ मिळाली नाही की बाळ हाक मारणंच सोडतं. शिशुगृहात दूध, अंघोळ, झोप सगळं घड्याळावर, आणि पाळी बदलली की मावशीही बदलते. आपण रडलो म्हणून कुणी धावून आलं, असं तिथे क्वचितच घडतं. डुलणं म्हणजे स्वतःच स्वतःला दिलेला झोका. कुणाकडेही जाणं हा मनमिळाऊपणा नव्हे. आपलं माणूस कोणतं, हे तिचं अजून ठरलेलं नाही.

याचा भक्कम पुरावा रुमेनियातला. हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट १९८९ मध्ये कोसळली तेव्हा तिथली अनाथालयं गच्च भरलेली होती. पुढे बुखारेस्टमध्ये ६ ते ३१ महिन्यांची १३६ मुलं निवडून, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी सांभाळणाऱ्या कुटुंबांत दिली, उरलेली संस्थेसाठी ठेवली. साडेचार वर्षांची झाली तेव्हा कुटुंबांत दिलेल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ८१ होता, संस्थेसाठी निवडलेल्यांचा ७३. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना माणसाचा लळा जास्त चांगला लागला. तुमची लेक त्याच वयात घरी आली आहे.

तीन महिने भरवणं, न्हाऊमाखू घालणं, निजवणं फक्त तुम्ही दोघांनी करा. आजीने गाणी म्हणावीत, खेळवावं. घास मात्र तुमच्याच हातचा. बाटली तिला स्वतः धरता आली तरी मांडीवर घेऊन, नजरेला नजर देऊन पाजा. पडली आणि रडली नाही, तरी रडल्यासारखीच उचला, "लागलं का गं?" म्हणा, गुडघा चोळा. काही आठवड्यांनी ती भोकाड पसरू लागेल आणि घरात कुणीतरी म्हणेल, लाडावली. ती सुधारणा समजा. "रडू दे, सवय होईल" हा सल्ला या मुलीच्या बाबतीत अगदी उलटा पडतो.

डुलणं अडवू नका. पाठीवर हात ठेवून तिच्याच लयीत थोपटा, मग लय हळूहळू मंद करा. शिशुगृहात कानावर हिंदीच पडली असेल, तर 'आओ', 'पानी' हे शब्द लगेच तोडू नका. मराठीच्या जोडीला राहू द्या. दोन भाषांनी बोलणं लांबत नाही. टीव्ही मात्र बंद. अमेरिकेत ९ महिन्यांच्या बाळांशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून २५-२५ मिनिटं १२ वेळा खेळली, तेव्हा त्यांना त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखू येऊ लागले. तेच व्हिडिओवर दाखवलं, तर काहीच शिकली नाहीत.

बालरोगतज्ज्ञांकडून कानांची तपासणी, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड करून घ्या. वजन आणि डोक्याचा घेर दर महिन्याला लिहून ठेवा. दीड वर्षाची होऊनही बोटाने काही दाखवत नसेल, तर मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर हेरून उपचार करणारं सरकारी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र गाठा. अनोळखी माणसाच्या मागे सहज निघून जाण्याची सवय सगळ्यांत चिवट असते. राजवाड्याच्या गर्दीत पुढची काही वर्षं हात सोडू नका.

प्रश्न : कुणी बोललंच नाही तर मूल आपोआप बोलू लागतं का? — लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : नाही. तुमच्या शेजारी आंतरीला ज्याची कबर आहे, त्या अकबराच्या दरबारी इतिहासकार अबुल फजलनेच हे नोंदवलंय. अकबराने तान्ही मुलं न बोलणाऱ्या दायांकडे वेगळी ठेवली. १५८२ मध्ये जाऊन पाहिलं तर एकालाही शब्द फुटलेला नव्हता. लॉस एंजेलिसमध्ये १९७० साली १३ वर्षांची मुलगी सापडली. बहुतेक आयुष्य तिला एका खोलीत डांबलं होतं. पुढे ती पुष्कळ शब्द शिकली, वाक्यरचना मात्र शेवटपर्यंत नीट जमली नाही. लांडग्यांनी वाढवलेल्या मुलांच्या गोष्टी आम्ही पुराव्यात धरत नाही. त्यांतली काही मुलं जन्मतः मतिमंद किंवा बहिरी असल्यामुळेच टाकलेली असू शकतात.

पण आवाज म्हणजेच भाषा नव्हे. निकाराग्वात १९७७ नंतर बहिरी मुलं पहिल्यांदाच शाळेत एकत्र आली. त्यांना खुणांची भाषा कुणी शिकवली नव्हती. मधल्या सुट्टीत, शाळेच्या बसमध्ये त्यांनी आपसांत ती घडवली, आणि मागून आलेल्या लहानग्यांनी तिला व्याकरण दिलं.