एलटीस्पाइसमध्ये (सर्किट सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर) २३० ते १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर काढला, पण आउटपुट ५३ व्होल्ट येतंय. चूक कुठे?

तुम्ही दोन्ही कॉइलच्या इंडक्टन्सचं प्रमाण १९:१ ठेवलंय, चूक तिथेच आहे. इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेढ्यांचं प्रमाण १९.१७, त्याचा वर्ग साधारण ३६७. म्हणजे प्रायमरी (इनपुटची कॉइल) १० हेन्री धरली तर सेकंडरी (आउटपुटची) सुमारे २७ मिलीहेन्री हवी. १९ चं वर्गमूळ ४.३६ आणि २३० भागिले ४.३६ म्हणजे तुमचे ते ५३ व्होल्ट!

दोन्ही कॉइल जोडायला 'के१ एल१ एल२ १' ही स्पाइस डायरेक्टिव्ह, म्हणजे सर्किटवर लिहायची सूचनेची ओळ, लागते (अर्थात इंग्रजी अक्षरांत). शेवटचा १ म्हणजे कपलिंग, दोन्ही कॉइल चुंबकीयदृष्ट्या किती घट्ट जोडल्यात ते. सुरुवातीला १ च ठेवा, गळती बघायची असेल तेव्हा ०.९९ करून पाहा. ओळ टाकली की कॉइलवर फेज दाखवणारे ठिपके दिसतात. सेंटर टॅप (सेकंडरीच्या मधोमध काढलेली तार) हवा असेल तर सेकंडरीचे दोन अर्धे वेगळे काढून तिन्ही कॉइल एकाच ओळीत लिहा.

सोर्समध्ये २३० नाही, ३२५ भरा, कारण तिथे शिखर व्होल्टेज लागतं. सेकंडरीचं एक टोक ग्राउंडला जोडा. पुढे ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारे चार डायोड) असेल तर मात्र सेकंडरीला नाही, ब्रिजच्या निगेटिव्हला.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो: हातातल्या ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही वाइंडिंगचा रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजून (प्लग काढून!) कॉइलच्या सिरीज रेझिस्टन्समध्ये भरा. लोड दिल्यावर व्होल्टेज किती खाली येतं, ते त्याशिवाय खरं कळणार नाही.