पार्लरच्या लायसन्ससाठी सांगलीची एफडी मोडू का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी ते थोडक्यात सांगते.

या ताई सांगलीच्या. तिथे नऊ वर्षं त्यांचं स्वतःचं पार्लर होतं. नवऱ्याला एच-1बी म्हणजे नोकरीचा व्हिसा मिळाला तेव्हा, दोन वर्षांपूर्वी, पार्लर विकून त्या कॅलिफोर्नियात बे एरियात आल्या. विक्रीचे 12 लाख रुपये सांगलीच्याच बँकेत एफडीत आहेत. त्या स्वतः एच-4वर, म्हणजे एच-1बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर आहेत आणि कामाचा परवाना म्हणजे ईएडी हातात आहे. मोठा मुलगा तिसरीत, धाकटी साडेतीन वर्षांची, घरीच. नवऱ्याचा पगार 1,90,000 डॉलर. एक खासगी ब्युटी स्कूल पुढच्या महिन्यात कॉस्मेटॉलॉजीचा (केस आणि त्वचा, दोन्हींच्या कामाचा) 1,000 तासांचा कोर्स सुरू करतंय, किट धरून 19,500 डॉलर. जवळच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये, म्हणजे कमी फीच्या सरकारी कॉलेजमध्ये, हाच कोर्स आहे, एस्थेटिशियनचा म्हणजे फक्त त्वचेच्या कामाचाही आहे, पण दोन्हींना ऑगस्टच्या आत जागा नाही. ताई लिहितात, ‘एफडी मोडते, कमी पडतील ते बचतीतून घालते. नवऱ्याकडे मागायचे नाहीत. दोन वर्षं हात रिकामे आहेत, आता सहा महिनेही थांबवत नाही.’

आधी उत्तर देते, मग कारणं. एफडी मोडू नका. ऑगस्टपर्यंत थांबा आणि कम्युनिटी कॉलेजमध्येच जा. आणि कॉस्मेटॉलॉजी घेण्याआधी एस्थेटिशियनच्या लायसन्सचा नीट विचार करा.

तुम्ही तुलना केलीत ती फक्त फीची. पण तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा आकडा तुम्ही शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहिलाय: डेकेअर, महिन्याला 2,300 डॉलर. आठवड्याला 30 तास धरले तरी 1,000 तासांना जवळपास आठ महिने लागतात. आठ महिन्यांचे डेकेअरचे झाले 18,400. म्हणजे खासगी स्कूलचा खरा खर्च 19,500 नाही, 37,900 आहे.

आता ऑगस्टमध्ये काय होतं ते बघा. धाकटी जुलैत चार वर्षांची होईल. कॅलिफोर्नियात 2025-26च्या शालेय वर्षापासून, 1 सप्टेंबरपर्यंत चार वर्षं पूर्ण होणाऱ्या प्रत्येक मुलाला सरकारी शाळेत ट्रान्झिशनल किंडरगार्टन, म्हणजे बालवाडीच्या आधीचा वर्ग, मोफत आहे. त्यासाठी आईवडिलांचा व्हिसा कोणता हे पाहत नाहीत. काही शाळांत ते अर्धाच दिवस असतं, त्यामुळे शाळेनंतरचे तास कसे सांभाळायचे हे आजच विचारून ठेवा. त्याला थोडे पैसे लागतील. पण 2,300चा बोजा उतरतो. ज्या सहा महिन्यांचा तुम्हाला एवढा राग येतोय, तेच सहा महिने तुमचे सगळ्यात जास्त पैसे वाचवणार आहेत.

कॉलेजची फी कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना युनिटला 46 डॉलर आहे, 2012पासून तीच. एच-4वरच्या माणसाला इथे वर्षभर राहिल्यावर रहिवासी म्हणून नोंद करता येते. प्रवेशाच्या वेळी भाडेकरार, कर भरल्याचे कागद, कॅलिफोर्नियाचं ड्रायव्हिंग लायसन्स घेऊन जा, कारण चुकून बाहेरच्या विद्यार्थ्यांत नाव गेलं तर फी कित्येक पट होते. समजा एस्थेटिशियनच्या कोर्सचे 18 युनिट झाले, तर 828 डॉलर. कॉलेजने तुम्हाला किटचे 1,400 सांगितलेत. पार्किंग, आरोग्य शुल्क धरून 2,500च्या आसपास. एच-4वर केंद्र सरकारची शैक्षणिक मदत मिळत नाही. लाइफटाइम लर्निंग क्रेडिट ही शिकण्याच्या खर्चावरची करसवलत वर्षाला 1,80,000 डॉलरच्या वर कमावणाऱ्या जोडप्याला बंद होते, त्यामुळे तीही धरू नका. या 2,500साठी तुम्हाला कुणाच्या मदतीची गरजही नाही.

एस्थेटिशियनच का म्हणते? 1 जानेवारी 2022पासून कॅलिफोर्नियात कॉस्मेटॉलॉजीचे तास 1,600वरून 1,000वर आले, एस्थेटिशियनचे 600 आहेत. तुम्ही पत्रात स्वतःचं काम लिहिलंय: फेशियल, वॅक्सिंग, क्लीनअप, नवरीचा मेकअप. हे सगळं एस्थेटिशियनच्या लायसन्सात बसतं, भुवया-पापण्यांचं टिंटिंगसुद्धा. केस कापणं आणि रंगवणं बसत नाही. सांगलीत हेअर कटला तुम्ही दुसरी मुलगी ठेवली होती, असंही तुम्हीच लिहिलंय. मग जे काम नऊ वर्षांत तुम्ही हातात घेतलं नाही, त्याच्यासाठी 400 तास जास्तीचे कशाला? नवरीचे केस हेही तुमचं मुख्य काम असतं तर मी वेगळं म्हटलं असतं. तसं असेल तर कळवा.

कमाईबद्दल कुणी मोठे आकडे सांगितले तर दोन दिवस थांबून विचार करा. अमेरिकेत हेअरड्रेसर-कॉस्मेटॉलॉजिस्टची मधली कमाई तासाला सुमारे 17 डॉलर आहे. कॅलिफोर्नियाचं किमान वेतनच 2026मध्ये 16.90 आहे आणि बे एरियातल्या कित्येक शहरांत त्याहून जास्त. तुमचं गिऱ्हाईक जमलं की तुम्ही यापुढे जाल, याची मला खात्री आहे. नऊ वर्षं पार्लर चालवणारा हात रिकामा राहत नाही. पण पहिलं वर्ष 17नेच धरा. आठवड्याला 25 तास, वर्षाला 48 आठवडे: 20,400 डॉलर, तेही कर कापायच्या आधी. यातून कॉलेजचे 2,500 दीड-दोन महिन्यांत निघतात. खासगी स्कूल आणि डेकेअरचे 37,900 निघायला पावणेदोन वर्षांच्या वर लागतील.

आणि तुमच्या बाबतीत दोन वर्षं हा फार लांबचा पल्ला आहे. ईएडीच्या नूतनीकरणाचा अर्ज केला की जुना परवाना आपोआप लांबत असे, ती सोय 30 ऑक्टोबर 2025पासूनच्या अर्जांना नाही. नवा परवाना हातात पडला नाही तर मधले महिने काम बंद. म्हणून तुमच्या ईएडीची मुदत संपण्याच्या जितकं आधी अर्ज करता येईल तितकं आधी करा, आणि पहिल्या वर्षी खुर्ची किंवा खोली भाड्याने घेऊ नका. पगारावर राहा. भाड्याने बसलं की स्वयंरोजगाराचा 15.3 टक्के कर स्वतःच्या खिशातून जातो, आणि काम थांबलं तरी भाडं थांबत नाही. टीप मात्र पहिल्या दिवसापासून वहीत लिहा. 2028पर्यंत वर्षाला 25,000 डॉलरपर्यंतच्या टीपवर केंद्राच्या आयकरात वजावट आहे, पण नोंद असेल तरच.

नवऱ्याची बदली टेक्सासमध्ये डॅलसला होऊ शकते, असं तुम्ही लिहिलंय. लायसन्स राज्याचं असतं. टेक्सासमध्ये एस्थेटिशियनला 750 तास लागतात, म्हणजे 600वाल्यांना तिथे काय भरून काढावं लागेल हे जाण्याआधी विचारायला हवं. तरीही 2,500 घालून ही जोखीम घ्यावी, 37,900 घालून घेऊ नये.

आता रिकाम्या हातांचं. मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त टोचलं ते हेच, आणि यावर आजच उपाय आहे. कॅलिफोर्नियात थ्रेडिंगला लायसन्स लागत नाही. कायद्यानेच ते कॉस्मेटॉलॉजीच्या बाहेर ठेवलंय. (टेक्सासमध्ये थ्रेडिंगवाल्यांना त्यासाठी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं, 2015मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला.) तुमच्याकडे ईएडी आहे. शनिवार-रविवार, नवरा घरी असताना, एखाद्या देशी ब्रो बारमध्ये, म्हणजे भुवया करून देणाऱ्या दुकानात, काम धरा. डेकेअर लागणार नाही, इथल्या गिऱ्हाइकांशी बोलायची सवय होईल, आणि ऑगस्टपर्यंत कॉलेजचे 2,500 तुमच्याच हातांनी उभे राहतील. नवऱ्याकडे मागायचे नाहीत ना? मागावे लागणार नाहीत. मात्र मैत्रिणींना घरी पैसे घेऊन वॅक्सिंग, फेशियल करून देऊ नका. त्याला लायसन्स लागतं, आणि व्हिसावर असताना असला धोका घ्यायचाच नाही.

शेवटचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण तोच सगळ्यात तातडीचा आहे. परदेशी राहायला गेल्यावर रहिवासी खात्यातली एफडी तशीच ठेवता येत नाही. बँकेला कळवून ती एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या खात्यातली करून घ्या. दुसरं, 12 लाख रुपये म्हणजे 10,000 डॉलरच्या वर. अमेरिकेत कर भरणाऱ्याची परदेशातली सगळी खाती मिळून वर्षात कधीही 10,000च्या वर गेली, तर दरवर्षी एफबार नावाचं विवरण भरावं लागतं, आणि एफडीचं व्याज इथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. नवरा-बायकोचं रिटर्न एकत्र जात असेल तर हे त्यांच्याही सहीखाली येतं. तुमच्या पत्रात याचा उल्लेख नाही, म्हणून मला काळजी वाटते. राहून गेलं असेल तर स्वतःहून काही भरायच्या आधी भारतीय खाती माहीत असलेल्या सीपीएला, म्हणजे इथल्या सीएला भेटा, याच महिन्यात. त्यांची फी त्या 12 लाखांतून गेली तरी चालेल.

बाकीचे पैसे सांगलीत, तुमच्या नावावर राहू द्यात. कॉलेजच्या ऑगस्टच्या यादीत आज नाव घाला आणि ओरिएंटेशनची तारीख विचारून मला कळवा.