नगली हवी तर आधी ओहोटी बघा

पाऊस ओसरून समुद्राचं पाणी निवळलं की बेळगाव, खानापूर, निपाणीकडून एकच विचारणा सुरू होते: किनाऱ्यावर उभं राहून नगली कुठे मिळेल? आम्हा कारवारकरांची नगली म्हणजे मालवणातली मुडदुशी, मंगळूरकडची काणे, आणि बेळगावच्या बाजारात लेडीफिश म्हणून मिळते तीच. माझं लहानपण कोडीबागला गेलं, पुढचं आयुष्य बेळगावात. त्यामुळे घाटावरचा माणूस समुद्राकडे कसा बघतो आणि किनाऱ्यावरचा कसा बघतो, दोन्ही मला ठाऊक आहे. या वेळची पत्रं त्याच फरकाभोवती फिरतात.

आम्ही तिघे मित्र दोन दिवस कारवारच्या टागोर किनाऱ्यावर बसलो. एक नगली मिळाली, बाकी सगळी केंडं. शेजारी गावातली पोरं तासाभरात पिशवी भरून गेली. नेमकी जागा कोणती ते सांगाल का? (शहापूर, बेळगाव)

तुम्ही 'बसलो' लिहिलंत, मला वाटतं अडचण तिथेच आहे. नदीकाठी मरळीसाठी एका जागी बसणं चालतं. नगली पाण्याबरोबर चालणारा मासा आहे. भरतीचं पाणी पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, चढू लागलं की त्याच्या पुढच्या कडेबरोबर ती वर येते, ओल्या वाळूतले किडे, बारीक कोळंबी, कोवळे खेकडे वेचते, आणि पाणी उतरू लागलं की परत खोलात जाते. सकाळी दहाला जिथे नगली होती तिथे दुपारी दोनला कोरडी वाळू असू शकते. म्हणून नुसतं किनाऱ्याचं नाव सांगून तुमचं काम होणार नाही.

पुढच्या वेळी गळ गाडीतच ठेवा आणि पूर्ण ओहोटीला किनाऱ्यावरून चाला. टागोर किनारा लांब आणि उताराला सौम्य आहे, तिथे सगळं उघडं दिसतं. तीन गोष्टी शोधा. पहिली, वाळूत किनाऱ्याला समांतर गेलेली पन्हळ. ओहोटीतही तिच्यात गुडघाभर पाणी उरतं आणि तिच्या पलीकडे वाळूचा दांडा उघडा पडतो. दुसरी, त्या दांड्याला पडलेली खिंड, जिथून पन्हळीतलं पाणी समुद्रात जातं. भरतीला मासे याच वाटेने आत येतात. तिसरी, जिवंत वाळू: बारीक भोकं आणि शेवेच्या चकलीसारखे वाळूचे छोटे ढीग. हे ढीग वाळूतले किडे बाहेर टाकतात. जिथे ते दाट, तिथे नगलीचं ताट वाढलेलं आहे असं समजा. गुळगुळीत, टणक, भोकाविना वाळू दिसली तर पुढे चला.

जागा सापडली की मागे वळून खूण धरा. सुरूचं एखादं वाकडं झाड, विजेचा खांब, होडीची शेड, काहीही. भरतीत सगळा किनारा सारखाच दिसतो आणि दुपारी हेरलेली पन्हळ सकाळी हरवते. खूण धरायची विसरलात तर लाटांकडे बघा. लाट दांड्यावर पांढरी फुटते, मग पन्हळीवर येऊन मंदावते, तिथे पाणी गडद दिसतं, आणि काठाशी पुन्हा फुटते. त्या दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मधे गळाच्या दोऱ्याचं शिसं, म्हणजे वजन, पडलं पाहिजे.

नवखा माणूस जोर लावून पन्हळीच्या पलीकडे, दांड्यावरून पार फेकतो. त्या पोरांचा गळ वीस-पंचवीस पावलांपलीकडे गेला नसेल. लांब गेलेला तुमचा गळ माशांच्या डोक्यावरून गेला. पाणी नितळ असेल तर स्वतः गुडघाभर पाण्यात उतरून पन्हळ तुडवू नका. नगलीची नजर तीक्ष्ण असते आणि घाबरली की ती सरळ वाळूत घुसून बसते. पंधरा-वीस मिनिटांत चाळवणी झाली नाही तर तीस पावलं सरका.

केंडांविषयी, म्हणजे अंग फुगवणाऱ्या त्या माशांविषयी: आमिष कुरतडणारी केंडं आली की तीही जागा सोडण्याची खूण समजा. आणि केंड विषारी आहे. घरी नेऊ नका, मांजरालाही घालू नका.

भरतीची वेळ मोबाइलवर बघतो, पण जोयड्याच्या जंगलात रेंज जाते आणि अंदाज चुकतो. जुने लोक कसं ओळखायचे? (खानापूर)

भिंतीवरच्या कॅलेंडरवरून. तिथीच्या आकड्याला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. दिवसातून दोनदा भरती, मधे सुमारे सहा तासांनी ओहोटी. आपल्या किनाऱ्यावर हा आडाखा थोडा मागेपुढे होतो, पण गाडी कधी काढायची हे ठरवायला पुरतो.

आता घाटावरून येणाऱ्यांसाठी माझा नेहमीचा बेत. द्वादशीला सकाळी बेळगाव सोडा. खानापूर, रामनगर, जोयडा करत दुपारपर्यंत सदाशिवगडला पोचाल. साधारण तीन-सव्वातीनला ओहोटी पूर्ण असते, म्हणजे किनारा उघडा बघायला मिळतो. रात्री मुक्काम करा. त्रयोदशीला भरती पावणेदहाच्या सुमारास. उजाडल्यावर सहा-साडेसहाला पाण्याकाठी उभे राहा, म्हणजे चढत्या पाण्याचे तीन तास आणि कोवळं ऊन दोन्ही हाती येतं. पाणी उतरू लागल्यावरही तासभर थांबायला हरकत नाही, पण मग पन्हळ सोडून खिंडीच्या तोंडाशी जा, कारण मासे तिथून परततात.

अष्टमी-नवमीच्या भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत पाण्याला जोर नसतो, नगली पुळणीवर फारशी चढत नाही. तेव्हा खाडीचं तोंड बरं.

यूट्यूबवर ऑस्ट्रेलियातले लोक व्हायटिंग पकडताना दिसतात, इंग्लंडमधलेही व्हायटिंगच म्हणतात. ती आपलीच नगली का? (वडगाव, बेळगाव)

ऑस्ट्रेलियातली आपल्या नगलीची सख्खी नातेवाईक. आपली सिलागो सिहामा, त्यांची सिलागो सिलियाटा. घराणं एकच, सवयीही बऱ्याचशा सारख्या. ते व्हिडिओ जरूर बघा. इंग्लंडचा व्हायटिंग मात्र कॉडच्या कुळातला, थंड समुद्रातला वेगळाच मासा आहे. तिथला सल्ला इकडे लागू पडत नाही.

मलप्रभेत मी कणकेचा गोळा आणि गांडूळ लावतो. समुद्रावर काय लावू? आणि गळ केवढा? (खानापूर)

कणीक विसरा, पहिल्या लाटेत विरघळते. गांडूळ खाऱ्या पाण्यात लवकर मरून लिबलिबीत होतं. नदीच्या तोंडाशी गोडसर पाण्यात एखाद वेळी चालतं, पुळणीवर माझा त्यावर भरवसा नाही.

सगळ्यात उत्तम ते किडे, जे नगली तिथेच खाते आहे. ओहोटीला त्या चकलीसारख्या ढिगाशेजारी फावड्याने वीतभर खणा. किडा हाताने ओढू नका, तुटतो. वाळूचं ढेकूळच उचलून फोडा. ओल्या वाळूत, सावलीत ठेवा. एवढी खटपट नको असेल तर बाजारातून ताजी सुंगटं घ्या, म्हणजे आपली बारीक कोळंबी. सोलून नखाएवढे तुकडे करा. तिसऱ्यांचं मांसही चालतं. लाट मागे जाताना वाळूत पाठमोरे शिरणारे अंड्याच्या आकाराचे छोटे खेकडे दिसतात, त्यातले कोवळे मिळाले तर फारच छान.

नगलीचं तोंड लहान आणि पुढे निमुळतं. मरळीचा गळ तिच्या तोंडात जाणारच नाही. लांब दांडीचा, आठ किंवा दहा नंबरचा गळ घ्या. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, बारीक, चार ते सहा पौंड ताण पेलणारा. शिसं दोऱ्यावर मोकळं सरकेल असं, आणि लाटेत जेमतेम टिकेल एवढंच जड. किंचित घरंगळलं तर उत्तम. वाळूवर हळूहळू सरकणाऱ्या आमिषामागे नगली येते. म्हणून रीळ अधूनमधून एखादी फेरी फिरवत राहा. पहिली टुचटुच झाली की हिसका मारू नका. ओढ लागू द्या, मग काठी नुसती उचला.

निपाणीहून कारवार लांब पडतं. जवळ कुठे जावं? (निपाणी)

आजरा, आंबोली करून खाली उतरा. शिरोड्याचा वेळागर, वेंगुर्ल्याचा सागरेश्वर, आणि मोचेमाड खाडीचं तोंड. मला तिघांत मोचेमाड आवडतं. खाडी लहान आहे आणि तिचं तोंड वाळूने सतत जागा बदलतं, त्यामुळे दर खेपेला नव्याने वाचावं लागतं. पण खाडीचं पाणी आणि पुळण जिथे भेटतात ती कड नगलीला प्रिय. सागरेश्वरला समुद्र उघडा आहे, वारा सुटला की हलकं शिसं टिकत नाही.

बेळगाव शहरातून चोर्ल्याने गोव्यात उतरून केरीला, तेरेखोल नदीच्या दक्षिण काठावर, हाच प्रकार सापडतो.

कारवारला जाणाऱ्यांसाठीही एक भर. काळी नदीच्या तोंडाशी कोडीबागची बाजू आणि पलीकडे देवबाग, दोन्ही चांगल्या. पण पावसाळ्यात कद्रा धरणाचे दरवाजे उघडले की गढूळ गोडं पाणी तोंडापर्यंत येतं आणि नगली बाजूला होते. तेव्हा उत्तरेला माजाळीची पुळण बघा. दक्षिणेला आर्ग्याकडे नौदलाचा तळ आहे. तिथे गळ घेऊन हिंडू नका.

माझी मुलं नऊ आणि बारा वर्षांची. दोघांना गळ टाकायचा नाद लागलाय. न्यावं का? (टिळकवाडी, बेळगाव)

जरूर न्या, ताई. हलका गळ, उथळ पाणी आणि वारंवार मिळणारा मासा, मुलांना शिकवायला याहून चांगला मासा नाही. मात्र मी वर ज्या खिंडीचं कौतुक केलं तीच मुलांसाठी सगळ्यात धोक्याची जागा. तिथे लाट फुटत नाही, पाणी शांत दिसतं, आणि पोहायला तीच जागा बरी असं घाटावरच्या माणसाला वाटतं. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच वेगाने परत जातं. मुलं घोट्यापेक्षा खोल पाण्यात जाणार नाहीत आणि खिंडीसमोर उभी राहणार नाहीत, हे आधीच ठरवा. कुणी ओढलं गेलंच तर सरळ किनाऱ्याकडे झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहून ओढीबाहेर पडायचं.

उघड्या दांड्यावर मुलांना नेऊ नका. मी चौदा वर्षांचा असताना देवबागच्या बाजूला दांड्यावर गरवत, म्हणजे गळाने मासे धरत, राहिलो. समोर मासा लागत होता, मागची पन्हळ कधी भरली कळलंच नाही. छातीभर पाण्यातून परत आलो, काठी सोडून द्यावी लागली. ती भीती अजून अंगात आहे, आणि बरं आहे की आहे. दांड्यावर उभं राहायचं तर दर दहा मिनिटांनी मागे बघायचं.

उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या. वाळूत दबलेलं पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, त्याने सरकून जातं. शिंगाळा मासा गळाला लागला तर हाताने धरू नका, त्याचे काटे विषारी. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवा आणि डॉक्टरकडे जा.

तुम्ही बेळगावच्या लोकांना जागा सांगता, ते येऊन तंगूस तसाच टाकून जातात. रापण ओढताना आमच्या हातांत गळ घुसतात. (माजाळी, कारवार)

तुमची तक्रार रास्त आहे आणि ती मला लागली. वाचकांना सांगतो: रापण म्हणजे किनाऱ्यावरून पन्नास-साठ माणसांनी हातांनी ओढायचं जाळं. होडी अर्धगोल फिरून जाळं टाकताना दिसली की आपला दोर गुंडाळा आणि दूर व्हा, जागा कितीही चांगली असो. ती किनाऱ्यावरची त्यांची रोजीरोटी आहे, आपण सुट्टीला आलेले. तुटलेला तंगूस हातभर असला तरी खिशात घालून परत आणा. मी सोबत झाकणाची प्लास्टिक बाटली ठेवतो, त्यात तुटके गळ आणि दोऱ्याचे तुकडे जातात.

आणखी दोन गोष्टी. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत जेवढी लांबी, त्याहून लहान नगली ओल्या हातानेच सोडवून पाण्यात सोडा. आणि थंडीत कासविणी अंडी घालायला पुळणीवर येतात, देवबागलाही आणि वेंगुर्ल्याकडे वायंगणीलाही. रात्री गरवत असाल तर दिवा समुद्राकडे रोखू नका. कासवीण दिसली तर दिवा विझवून, ती परत पाण्यात जाईपर्यंत जागेवरच थांबा.