जांभ्या मातीतली रोपं आणि मुळांतली बुरशी

प्रश्न : खानापूर तालुक्यात आमच्या मालकीच्या मुरमाड माळावर गेल्या पावसाळ्यात जांभूळ, हिरडा आणि ऐन लावला. रोपं जगली, पण वर्षात वीतभरही वाढली नाहीत. जंगलातली माती घाला, तिच्यातल्या बुरशीनं रोप धरतं, असं सांगतात. शेजारच्या निलगिरीखाली पावसाळ्यात छत्र्या उगवतात. तिथली माती चालेल का?

उत्तर : छत्र्या बघून माती निवडू नका. निलगिरीखालची ती बुरशी मुळावर बाहेरून वेष्टण घालते. जांभूळ, हिरडा, ऐन यांची सोबतीण निराळी. ती मुळाच्या पेशींत शिरून बारीक फांद्या फोडते आणि तिला छत्री कधीच येत नाही. (वारुळावरची अळंबी तर वाळवीची, तिचा मुळांशी संबंध नाही.)

आपल्या जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) घट्ट धरून ठेवतात. मुळाभोवतीच्या दोन-चार मिलिमीटरमधला स्फुरद संपला की रोप अडतं. बुरशीचे तंतू त्यापलीकडे काही सेंटिमीटर जाऊन तो आणतात. बदल्यात झाड तिला साखर आणि स्निग्ध पदार्थ देतं.

मातीचे ढीग वाहून आणायची गरज नाही. भीमगड अभयारण्यातून तर मूठभरही उचलू नका. मालकीच्या जागेतल्या जुन्या, निरोगी जांभळाखालचा पाचोळा बाजूला सारा आणि 5 ते 20 सेंटिमीटर खोलीतली, केसासारखी मुळं असलेली दोन किलो माती घ्या. झाड रोगट असेल तर रोगही सोबत येतो.

आता त्या मातीतली बुरशी वाढवायची. फेब्रुवारीत वाळू आणि माती समप्रमाणात मिसळून तासभर वाफवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. म्हणजे तणाचं बी आणि सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक जंत) मरतात. गार झाल्यावर कुंडी तीन चतुर्थांश भरा, आणलेल्या मातीचा दोन बोटं जाड थर द्या, वर पुन्हा वाफवलेली माती घालून ज्वारी पेरा. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, ज्वारी तेवढ्यासाठीच. तीन महिने बेताचं पाणी द्या. शेवटचे दहा दिवस पाणी तोडा, ताटं कापा, मुळं बारीक चिरून त्याच मातीत मिसळा आणि सावलीत सुकवा. उन्हात वाळवलंत तर मेहनत वाया.

रोपाच्या नव्या पिशवीत बियाखाली दोन बोटांवर ही तयार माती 20 ग्रॅम घाला. माळावरच्या रोपांना जुलैत, पाऊस जरा उघडला की, बुंध्यापासून वीतभर अंतरावर तीन-चार भोकं पाडा. बारीक मुळं दिसेपर्यंत उकरून मिळून 50 ग्रॅम घाला आणि बुजवा. वरून भुरभुरलेलं वाहून जातं. बहुतेकांचं इथंच चुकतं. विकतचा मायकोरायझाही (म्हणजे मुळांतली हीच बुरशी) मुळाला टेकला नाही तर पैसे पाण्यात.

प्रश्न : सोबत डीएपी (स्फुरदाचं रासायनिक खत) आणि बुरशीनाशक द्यायचं का?

उत्तर : दोन्ही नको. स्फुरद आयता मिळाला की झाड बुरशीला आत घेईनासं होतं. कार्बेन्डाझिम मातीत ओतलंत तर रोगाच्या बुरशीबरोबर हीही दबते. पिशवीला दोन मुठी कुजलेलं शेणखत पुरे. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात पिशव्या उंचवट्यावर ठेवा. मुळाशी पाणी साचलं की हवा संपते, आणि या बुरशीला हवा लागते.

प्रश्न : लागण झाली हे कसं कळायचं?

उत्तर : नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. चार-पाच बारीक मुळं धुऊन शाळेच्या प्रयोगशाळेत न्या. शिक्षकांच्या देखरेखीखाली ती 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पारदर्शक होईपर्यंत गरम करायची (हातमोजे आणि चष्मा हवाच), नीट धुवायची आणि 5 टक्के काळी शाई घातलेल्या व्हिनेगरमध्ये तीन मिनिटं उकळायची. सूक्ष्मदर्शकाखाली शंभरपट करून पाहिलं की मुळाच्या फिक्या पेशींमधून गडद तंतू धावताना दिसतात, मध्ये मध्ये लिंबोळीच्या आकाराचे फुगे. फुगे दिसले तर बुरशी आत बसली. दोन महिन्यांनीही काहीच दिसलं नाही, तर भोकं जवळ घेऊन पुन्हा घाला.