वाचकांचे प्रश्न : अंगठा चोखण्याची सवय

प्रश्न : माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. झोपताना आणि कंटाळा आला की तिचा अंगठा तोंडात जातो. आम्ही रागावून पाहिले, हात बाजूला ओढून पाहिला, इतर मुलांची उदाहरणेही दिली. आता ती आमच्यासमोर अंगठा चोखत नाही, पण पांघरुणात तोंड लपवून चोखते. घरातील वडीलधारी मंडळी अंगठ्याला कडू औषध लावायला सांगतात. तिचे वरचे पुढचे दात किंचित पुढे आल्यासारखे दिसतात. ते कायमचे बिघडतील का आणि ही सवय सोडवायची कशी?

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट दातांची नसून पांघरुणाची आहे. मुलगी लपून अंगठा चोखू लागली, याचा अर्थ सवय तशीच राहिली आणि तिच्या जोडीला तुमच्याविषयीची धास्ती मात्र आली. म्हणून कोणताही उपाय सुरू करण्यापूर्वी किमान दोन आठवडे घरात कोणीही अंगठ्याचा विषय काढू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. टोमणे नकोत, डोळे वटारणे नको आणि पाहुण्यांसमोर तक्रार तर मुळीच नको.

चोखणे ही बाळाची उपजत प्रेरणा आहे. गर्भातील बाळ अंगठा चोखत असल्याचे सोनोग्राफीतही अनेकदा दिसते. जन्मानंतर हीच क्रिया भूक, झोप, भीती आणि कंटाळा अशा प्रत्येक अस्वस्थतेवरचा हुकमी आधार बनते, कारण त्यासाठी कोणाची वाट पाहावी लागत नाही. बहुतेक मुले दोन ते चार वर्षांच्या दरम्यान बोलून, खेळून किंवा आईवडिलांजवळ जाऊन स्वतःला शांत करायला शिकतात आणि अंगठा आपोआप सुटतो. काही मुलांचा तो सुटायला अधिक वेळ लागतो. ओरडण्याने मूल अस्वस्थ होते आणि अस्वस्थ मुलाला अंगठाच आठवतो, त्यामुळे रागावण्याचा परिणाम नेमका उलटा होतो.

आता दातांविषयी. अंगठा दिवसातून किती वेळ तोंडात असतो, किती जोराने चोखला जातो आणि ही सवय किती वर्षे टिकते, यांवर दातांवरचा परिणाम अवलंबून असतो. अंगठा नुसता तोंडात ठेवून स्वस्थ बसणाऱ्या मुलापेक्षा गाल आत ओढून जोराने चोखणाऱ्या मुलाच्या दातांना अधिक धोका असतो. अंगठ्याच्या दाबाने वरचे दात पुढे ढकलले जातात, खालचे आत वळतात, तोंड मिटल्यावरही समोरच्या दातांत फट राहते आणि गालांच्या ताणामुळे वरचा जबडा अरुंद होऊ शकतो. काही मुलांना त्या फटीतून जीभ पुढे काढण्याची सवय लागते आणि ‘स’सारखे उच्चार बोबडे येतात. मात्र तुमच्या मुलीचे हे दुधाचे दात आहेत. कायमचे पुढचे दात साधारण सहाव्या वर्षी येऊ लागतात, आणि त्याआधी सवय सुटली तर किरकोळ बदल पुष्कळदा आपोआप भरून येतात. म्हणजे तुमच्या हाती वेळ आहे. घाबरून घाई करण्याचे कारण नाही, पण विषय वर्षभर पुढे ढकलण्याइतकी सवडही नाही.

त्या दोन आठवड्यांत अंगठा कधी तोंडात जातो, याचे शांतपणे निरीक्षण करा. गाडीत, दूरदर्शनसमोर, झोप आली असताना की भावंडाशी भांडण झाल्यावर? अशी प्रत्येक वेळ ओळखता आली, की तिथे दुसरे काहीतरी देता येते. पडद्यासमोर बसताना हातात मऊ चेंडू किंवा मातीचा गोळा द्यावा, झोपेला येते तेव्हा अर्धा तास आधीच अंथरुणात घेऊन पाठ थोपटत गोष्ट सांगावी, रुसली असेल तर आधी जवळ घ्यावे. सवय काढून घेताना तिची जागा रिकामी ठेवायची नाही, हे या साऱ्या प्रयत्नाचे मर्म आहे.

त्यानंतर तिच्याशी मोकळेपणी बोला. साडेचार वर्षांच्या मुलीला आरशात दात दाखवून, अंगठ्याने ते हळूहळू पुढे सरकतात, हे सांगितले तर समजते. ‘तुला सोडायचा आहे का?’ असे खरोखर विचारा आणि तिने नाही म्हटले तर काही आठवडे थांबा. तिने होकार दिला, तर सुरुवात दिवसाच्या एकाच ठरावीक वेळेपासून करा. तेवढा वेळ अंगठा बाहेर राहिला की तिने स्वतः तक्त्यावर चिकटचित्र लावावे, आणि काही चित्रे जमली की तिच्या आवडीचा खेळ तुम्ही तिच्याबरोबर खेळावा. न जमलेल्या दिवशी चित्र नाही, एवढेच. आधीचे चित्र कधीही काढून घेऊ नये. झोपेतील चोखणे सर्वांत शेवटी सुटते, कारण तेव्हा मुलीचे स्वतःवर नियंत्रण नसते. त्यासाठी रात्री हातमोजा घालता येईल, पण तो तिने निवडलेला असावा आणि तिनेच घालावा.

कडू लेपाबाबत माझे मत स्पष्ट आहे. मुलीला स्वतःला आठवण म्हणून हवा असेल, तरच डॉक्टरांना विचारून मुलांसाठी सुरक्षित असलेला लेप वापरावा. तिच्या मनाविरुद्ध किंवा ती झोपल्यावर लावलेला लेप ही शिक्षाच ठरते. मिरची किंवा तत्सम तिखट पदार्थ कधीही लावू नयेत. तोच हात डोळ्यांकडे जातो आणि आग होते.

दंतवैद्यांना मात्र एकदा आताच दाखवून घ्या. वयाच्या सहा वर्षांनंतरही सवय राहिली आणि जबड्यात बदल दिसू लागले, तर टाळूजवळ बसवण्याचे एक उपकरण ते सुचवू शकतात. ते दातांना बांधलेले असते आणि त्यामुळे चोखण्याचे समाधान मिळत नाही. अंगठ्याला घट्टा पडला असेल, त्वचा चिरली असेल किंवा नखाच्या कडेला सूज येऊन नखुरडे झाले असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जावे. सुटलेली सवय अचानक परतली, तर नवे भावंड, शाळा किंवा घरातील ताण यांपैकी काय बदलले, हे आधी पाहावे.

प्रश्न : आमचा मुलगा चौदा महिन्यांचा आहे. तो सतत अंगठा चोखतो आणि जंतू पोटात जातील अशी भीती वाटते. आतापासूनच थांबवावे का?

उत्तर : नाही, या वयात थांबवण्याची गरज नाही. हात वेळोवेळी धुवावेत आणि नखे बारीक कापावीत, एवढे पुरेसे आहे. न्यूझीलंडमधील डनेडिन शहरात १९७२–७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा पाठपुरावा करणाऱ्या संशोधकांना असे आढळले, की लहानपणी अंगठा चोखणाऱ्या किंवा नखे कुरतडणाऱ्या मुलांच्या त्वचाचाचणीत पुढे ॲलर्जीची प्रतिक्रिया कमी आढळली, मात्र दम्याच्या प्रमाणात फरक नव्हता. यावरून सवयीला उत्तेजन द्यावे असे मुळीच नाही. जंतूंच्या भीतीने बाळाचा हात ओढत राहू नये, इतकेच. अंगठ्याऐवजी चोखणी देण्याचाही विचार करू नका, कारण एक सवय घालवून दुसरी लावण्याचा बाळाला काहीच उपयोग नाही. जागेपणी त्याच्या दोन्ही हातांना काम मिळेल अशी खेळणी द्या आणि तो तीन वर्षांचा होईपर्यंत निश्चिंतपणे वाट पाहा.