कैदी सोडताना हिशेब कशाचा?

प्रश्न : एका सैनिकासाठी शेकडो कैदी सोडणं हा आतबट्ट्याचा व्यवहार नाही का? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आकड्यावर जाऊ नका, यादी बघा. २०११ मध्ये इस्रायलने हमास या पॅलेस्टिनी सशस्त्र संघटनेच्या ताब्यातल्या गिलाद शालीत या आपल्या सैनिकासाठी १,०२७ कैदी सोडले. आधी ४७७, दोन महिन्यांनी ५५०. पहिल्याच तुकडीतला याह्या सिनवार पुढे गाझात हमासचा प्रमुख झाला. नडली ती नावं, संख्या नव्हे. शिवाय शालीत पहिल्याच दिवशी हाती आल्यावर दुसरी यादी इस्रायलनेच ठरवली, हे विसरलं जातं.

गंभीर जखमी युद्धकैद्यांचं गणित निराळं. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार त्यांना लढाई चालू असतानाच परत पाठवायचं असतं. कलम ११७ प्रमाणे त्यांना पुन्हा सक्रिय लष्करी सेवेत घेता येत नाही. (पाळतात किती, ते सोडा.)